डुक्कर फियाट, १,८८,५०० रुपये आणि वरच्या मजल्यावरच्या काकू

आकडा आधीच सांगून टाकतो. डुक्कर फियाट विकायला निघालेल्या एका माणसाच्या घशात माझे १,८८,५०० रुपये गेले. क्रेनचे ९,५०० आणि स्टॅम्पपेपर-नोटरीचे १,२०० धरले तर १,९९,२००. बदल्यात माझ्याकडे आहे कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला एक चासी नंबर, पाचशेचा एक स्टॅम्पपेपर आणि चार व्हीलकॅप. व्हीलकॅप मी वेगळ्या घेतल्या होत्या, ६,८०० ला, गाडी दारात यायच्या आधीच. त्या हिशेबात धरत नाही, त्या निदान खऱ्या आहेत. भावाला आजपर्यंत दीड लाखाचाच आकडा माहीत आहे. हे वाचलं तर कळेल त्याला.

शहराचं नाव लिहीत नाही. ‘तपास चालू आहे’ असं मला सांगण्यात आलंय, आणि तो बिघडवल्याचं खापर माझ्या माथी नको.

जानेवारी २०२५ च्या शेवटी जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. वाड्याच्या मागे चिंचेखाली उभी १९५७ ची फियाट ११००, म्हणजे आपली डुक्कर फियाट. वर फाटकी ताडपत्री, चारही टायर जमिनीला टेकलेले, बॉनेटवर मांजर. ज्यांना हा रोग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या तेव्हापासून जो तो हळवा झालाय, मीही झालो होतो. लहानपणी आमच्या डॉक्टरांकडे अशीच गाडी होती. ताप आला की मी औषधापेक्षा गाडी बघायला जायचो.

विकणारा मालकाचा ‘पुतण्या’. काका वारलेले, काकू अमेरिकेत मुलीकडे, वाडा बिल्डरच्या ताब्यात जाणार, आणि काचेवर पालिकेची नोटीस: बेवारस वाहन, हलवा, नाहीतर उचलून नेऊ. किंमत २,४०,०००. ती नोटीस खरी होती, हे नंतर कळलं. मला आता वाटतं, त्याने गाडी हेरली ती नोटीस बघूनच. एरवी पालिकेचा कागद कोणी वाचत नाही, पण चोराने तो नीट वाचलेला असतो.

९ फेब्रुवारीला, रविवारी, मी गाडी बघायला गेलो. मी काही नवखा नाही. सव्वीस वर्षं हिशेबखात्यात काढली, दुसऱ्यांच्या बिलांतल्या चुका शोधून पगार घेतला. खिशात लोहचुंबक होतं, ते दारांच्या खालच्या पट्ट्यावर सगळीकडे फिरवलं, कुठे लांबी (पुट्टी) भरून रंग मारलाय का ते बघायला. चुंबक सगळीकडे चिकटलं. पाठीवर झोपून खाली शिरलो, स्क्रूड्रायव्हरने तळाचा पत्रा टोचला. ड्रायव्हरच्या पायाखाली स्क्रूड्रायव्हर आरपार गेला, बाकी ठिकाणी ठीक. १०८९ सीसीचं इंजिन जाम होतं, पण ते सुटण्यासारखं वाटलं. हँडल गिअर जागच्या जागी, स्टिअरिंगचं चाक अख्खं. दोन तास मी गाडी तपासली. माणसाला दोन मिनिटंही दिली नाहीत.

आणि आता ते दार.

ज्यांनी ही गाडी वापरली आहे त्यांना माहीत आहे, डुक्करचं पुढचं दार उलटं उघडतं. बिजागऱ्या मधल्या खांबावर, हँडल पुढच्या कडेला. कुलूप गंजून गेलेलं होतं, चावी म्हणे काकूंकडे. त्याने हँडलला धरून हिसका दिला आणि दार सुटून त्याच्याच गुडघ्यावर आपटलं. चांगलंच आपटलं. तो ‘आई गं’ करत मागे सरला आणि दाराकडे असं बघितलं की जणू ते चुकलं होतं.

ज्याच्या काकांनी ही गाडी चाळीस वर्षं चालवली, जो म्हणे सुट्टीत मागच्या सीटवर बसून कोकणात जायचा, त्याला या गाडीचं दार कुठून उघडतं ते माहीत नाही! तिथेच पाठ फिरवून बसस्टँड गाठायला हवा होता. मी काय केलं? मी हसलो. ‘अहो, डुक्कर आहे ही, हिचं दार उलटं असतं,’ म्हणालो, आणि पुढची पंधरा मिनिटं त्याला त्याचीच गाडी शिकवत बसलो. पुढे १९६४ ला डिलाइट आली, तिची दारं सरळ, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातून. तो मान डोलावत ऐकत होता. पुढच्या गिऱ्हाइकाला माझंच व्याख्यान ऐकवणार, नक्की.

करारपत्राच्या वेळी दुसरी घंटा वाजली. गाडीचा नंबर लिहायचा होता, तर त्याने मोबाइल काढून प्लेटचा फोटो बघून एकेक अक्षर सांगितलं. घरच्या गाडीचा नंबर कुणी असा सांगतं का? आमच्या वडिलांची स्कूटर विकून तीस वर्षं झाली, नंबर मला झोपेतही येतो. हेही मला सगळं उघडकीस आल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री आठवलं. तोवर पैसे गेले होते.

कागद म्हणाल तर आरसी बुकाची झेरॉक्स. ओरिजिनल? काकूंच्या लॉकरमध्ये. झेरॉक्सवर नेमका चासी नंबरच्या ओळीवर काळा पट्टा. मी मात्र शहाण्यासारखा बॉनेटखालच्या पट्टीवर कागद धरून पेन्सिल घासली, नंबर उमटवून घेतला, घडी घालून पाकिटात ठेवला. कशाशी ताडून बघायचा होता, देव जाणे.

ऑनलाइन बघितलंच नाही असं नाही. बघितलं. ‘नोंद सापडली नाही.’ तो म्हणाला, ‘साहेब, तीन अक्षरी जुना नंबर आहे, एमएच सुरू झालं १९८९ ला, जुनी नोंद संगणकावर चढवायची ती बॅकलॉग एंट्रीच हिची झालेली नाही.’ आणि हे खरंच असतं हो! शेकडो जुन्या गाड्यांचं असंच आहे. त्याच्या दहा वाक्यांतली आठ खरी होती, तिथेच मी गेलो. पण नोंद सापडत नसेल तर याचा अर्थ ‘पुढे जा’ असा होत नाही, ‘थांब’ असा होतो. एवढी अक्कल मला आता आली.

पैसे असे गेले. टोकन २५,०००, यूपीआय. करारपत्राच्या दिवशी १,२५,०००: त्यातले ७५,००० एनईएफटीने त्याच्या ‘मित्राच्या’ खात्यात, कारण याचं खातं केवायसीत अडकलेलं, आणि ५०,००० रोख. (आरसीवरच्या नावाखेरीज दुसऱ्या कुणाच्याही खात्यात एक रुपया टाकू नका. मालक वारला असेल तर वारसाच्या नावाने चेक, तोही वारसाचा पुरावा बघून.) मग आठवड्याने ३८,५००: थकीत टॅक्स, पर्यावरण कर आणि ‘विंटेज’ची फी २०,०००.

या विंटेजच्या गाजरावर तर मीच उडी मारली. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० फी, दहा वर्षांची मुदत. सगळं मला पाठ होतं. गाडीचा आधीचा नंबर असेल तर तो तसाच ठेवता येतो, हेही माहीत होतं. तरी त्याने ‘व्हीए’ अक्षरांचा नवा नंबर मिळेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे प्लेट नाचायला लागली. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर मालकाने करायचा असतो, पुतण्याने नाही, आणि फी सरकारला जाते, मोबाइल नंबरवर नाही. शिवाय अशी गाडी रोज भाजी आणायला नेताही येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. ३८,५०० ची पावती मागितली तर म्हणाला, पोर्टल डाउन आहे. पोर्टल नेहमीच डाउन असतं, म्हणून तेही पटलं.

२ मार्च, रविवार, सकाळी साडेआठला मी क्रेन घेऊन हजर. पुतण्या ‘रस्त्यात’ होता. क्रेनवाल्याने साखळी टाकली तेवढ्यात वरच्या मजल्याची खिडकी उघडली.

‘अहो, कोण तुम्ही? गाडीला हात लावायचा नाही.’

अमेरिकेतल्या काकू. चिंचेपासून वीस पावलांवर, वरच्या मजल्यावर, इतकी वर्षं. मागच्या वेळी मी ज्या खिडकीखाली दोन तास चुंबक घेऊन फिरलो, तिच्याच आत. त्या दिवशी त्या लग्नाला गेल्या होत्या म्हणे, आणि त्याला ते बरोबर माहीत असणार. त्या खाली आल्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ओरिजिनल आरसी बुक. ‘हे गेल्यापासून ती तिथेच आहे. विकायची नाही म्हणून तर ठेवलीय.’ माझ्या पाकिटातला पेन्सिलचा नंबर त्यांच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळला. मी तो स्वतःहून दाखवला, का कोण जाणे. त्यांना कुणी पुतण्याच नाही.

गाडी धूळ खात उभी आहे म्हणून ती बेवारस ठरत नाही. शेजारच्या पहिल्या दारावर टकटक करा, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला विचारा, ‘ही गाडी कुणाची?’ दहा रुपयांचा चहा. मी दोन लाख दिले.

त्यांच्या मुलाने पोलिसांना फोन केला, माझ्याविरुद्ध. गाडी पळवायला आलोय म्हणून. ते मात्र वीस मिनिटांत आले! दीड तास मी ठाण्यात आरोपीच्या बाकावर, क्रेनवाला बाहेर वेटिंगचे जादा पैसे मागतोय. त्यांचा अर्ज लगेच लिहून घेतला, पोच दिली. करारपत्र वगैरे दाखवल्यावर मला सोडलं. मी म्हटलं, आता माझी तक्रार घ्या. तर, ‘उद्या या.’

उद्या गेलो. ‘एवढी भंगार गाडी, एवढे पैसे दिले कशाला?’ हा पहिला प्रश्न. दुसरा: ‘शिकलेले दिसता.’ मग निकाल: हा दिवाणी मामला, वकील गाठा. मी म्हटलं, फसवणूक आहे, कलम ३१८. अंमलदार म्हणाले, ‘चारशे वीस म्हणा ना, समजेल असं बोला.’ १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता लागू आहे, हे मी ठाण्यात बसून सांगायचं! मग हद्द निघाली. करारपत्र नोटरीकडे झालं ते दुसऱ्या ठाण्यात, पैसे माझ्या गावातून गेले, मग तिकडे जा. तिकडे गेलो तर, गाडी जिथे आहे तिथे जा. हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते दाखवलं तर साहेब जेवायला गेले. २०१३ चा ललिता कुमारी निकाल छापून नेला, दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर घ्यावाच लागतो म्हणणारा. तर त्यांना नेमकं त्यातलंच दुसरं वाक्य पाठ: आर्थिक व्यवहाराच्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशी करता येते. बाकी काही पाठ नाही, तेवढं पाठ.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. तोवर शेवटचा हप्ता जाऊन दोन आठवडे झाले होते. त्या नंबरचा उपयोग पैसे गेल्या गेल्या, तासाभरात. सायबरवाले म्हणाले, तुम्ही त्याला समोरासमोर भेटलात, हा सायबर नाही. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच्या बोटाने पाठवलेत. आणि तो ‘मित्र’? त्याचं खातं कुठल्या शाखेत, हे सांगता येत नाही, ग्राहकाची गोपनीयता. माझ्या पैशाची गोपनीयता कुणी ठेवली नाही.

परिवहन कार्यालयाची कथा वेगळीच. त्या नंबरचा नोंदणीकृत मालक कोण, एवढंच लेखी हवं होतं. ‘तुम्ही मालक आहात का? नाही ना? मग माहिती देता येत नाही.’ मालक नाही हेच तर सिद्ध करायचं होतं! बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एजंटने ६०० रुपयांत तेच काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केलं. नाव, पत्ता, सगळं. पत्ता तोच वाडा, वरचा मजला. टोकन द्यायच्या आधी हे ६०० खर्च करा, माझं ऐका. आणि मालक वारलेला असेल तर विचारा, वारसाने गाडी आपल्या नावावर करायचा फॉर्म ३१ कुणी भरलाय? वारसाच्या नावावर गाडी चढल्याशिवाय तुमच्या नावावर विक्रीच्या फॉर्म २९-३० ने काहीही होत नाही, स्टॅम्पपेपर पाचशेचा असो की पाच हजारांचा. नोटरीने फक्त सह्या बघितल्या असतात, खरेखोटेपणा नाही. माझ्या नोटरीने तर चष्माही लावला नव्हता.

त्याचा फोन अर्थातच बंद. ग्रुपवरून तो स्वतः गेला. अ‍ॅडमिनला मी हे सगळं टाकायला सांगितलं तर त्याचं उत्तर, ‘निगेटिव्ह पोस्ट नको, ग्रुपचं वातावरण बिघडतं.’

गेल्या आठवड्यात त्या बाजूला गेलो होतो. गाडीवर नवी निळी ताडपत्री आहे, दोरीने चहूबाजूंनी बांधलेली, आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलंय: ‘विकायची नाही. वर चौकशी करावी.’ तिथून तसाच ठाण्यात गेलो, चौथ्यांदा. माझ्या तक्रारअर्जाचा आवक क्रमांक दाखवला. ज्यांच्याकडे माझा अर्ज होता ते साहेब बदलून गेलेत. नवे साहेब तरुण होते, बसा म्हणाले, पाणीही दिलं. म्हणाले, ‘पहिल्यापासून सांगा.’

सांगितलं. सगळं लिहून घेतलं त्यांनी. दार त्याच्या गुडघ्यावर आपटलं होतं, तेवढं मी वगळलं.