एक पिक्सेल, एक गुंठा : रिमोट सेन्सिंगचं पुढचं शिक्षण बेळगावात बसून की बाहेर जाऊन?

भाचा खानापूरला असतो. भूगोल घेऊन पदवी झाली, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम बऱ्यापैकी करतो. परवा त्याचा फोन आला : "मामा, उपग्रहाच्या प्रतिमांचं पुढचं इमेज प्रोसेसिंग शिकायचं म्हणतोय. कोण म्हणतंय देहराडूनला इस्रोच्या संस्थेत जा, कोण म्हणतंय पुण्यात ॲडमिशन घे, आणि मित्र म्हणतोय सगळं नेटवर फुकट आहे. नेमकं काय करू सांगा की."

फोनवर सांगितलं ते तुटक होतं, म्हणून इथं सविस्तर लिहितो. निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, कडोलीकडची आणखी काही पोरं-पोरी याच फाट्यावर उभी असणार. बँड म्हणजे काय (प्रकाशाचा एकेक पट्टा), रास्टर म्हणजे काय (पिक्सेलच्या चौकटींची प्रतिमा) हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासाठी हे आहे. अगदी कोरी पाटी असेल तर आधी दोन-तीन महिने क्यूजीआयएसशी झटापट करा, मग इकडे या.

रस्ता निवडण्याआधी एक माप डोक्यात बसवा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचा सगळ्यात बारीक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटर. थोडक्यात, पिक्सेल म्हणजे गुंठाच. लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, त्यात जवळजवळ नऊ गुंठे मावतात. आपल्या रिसोर्ससॅटवरचा लिस-४ कॅमेरा ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. अथणी-रायबागकडे उसाचे सलग फड असतात, तिथं लँडसॅटही चालून जातो. पण बेळगाव तालुक्यात वाटण्या होऊन होऊन दहा-बारा गुंठ्यांच्या पट्ट्या उरल्यात. तिथं लँडसॅटचा एक पिक्सेल तुमचं भात, शेजाऱ्याचं रताळं आणि मधला बांध एकत्र कालवतो आणि एकच आकडा हातात देतो. तो कालवलेला आकडा सोडवणं हे 'ॲडव्हान्स्ड' म्हणतात त्यातलं निम्मं काम. कुठलाही कोर्स निवडताना मी हेच बघतो, की हा मला माझ्या गुंठ्यापर्यंत नेतो की नुसती रंगीत चित्रं काढायला शिकवतो.

घरचा संगणक की गूगल अर्थ इंजिन

खरी निवड इथं आहे. कॉलेज-बिलेज नंतर.

घरच्या संगणकावरचं काम म्हणजे क्यूजीआयएस, युरोपीय अंतराळ संस्थेचं प्रतिमा हाताळायचं सॉफ्टवेअर स्नॅप आणि थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. तिन्ही फुकट. सेंटिनेल-२ ची एक टाइल, म्हणजे प्रतिमेचा चौकोनी तुकडा, साधारण ११० किलोमीटर बाय ११० किलोमीटरची असते, १० मीटरच्या प्रत्येक बँडमध्ये १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल, म्हणजे बारा कोटींच्या वर. डाउनलोड जवळपास एक जीबी. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप यावर धापा टाकतो, स्नॅपसाठी सोळा असेल तरच सुखानं काम होतं. त्यात पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे लाइट गेली की रात्रभराचं डाउनलोड पुन्हा पहिल्यापासून.

अर्थ इंजिनमध्ये यातलं काहीच नाही. ब्राउझर उघडा, जावास्क्रिप्टच्या दहा-पंधरा ओळी लिहा, २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ प्रतिमा आणि त्याच्याही आधीच्या लँडसॅटच्या प्रतिमा समोर हजर. मोजणी त्यांच्या संगणकांवर होते, तुमचा लॅपटॉप दहा वर्षं जुना असला तरी बिघडत नाही. शिक्षण आणि बिगरव्यापारी कामासाठी ते फुकट आहे, फक्त प्रोजेक्टची नोंदणी करावी लागते. साखर कारखान्याला पैसे घेऊन उसाचं क्षेत्र काढून देणार असाल तर मात्र ते व्यापारी वापरात धरलं जातं.

मग घरी बसून कष्ट कशाला? माझीच एक फजिती सांगतो. येळ्ळूर-वडगाव शिवारातला फेब्रुवारी २०२१ आणि फेब्रुवारी २०२३ मी पायथनमध्ये घरीच ताडून बघत होतो. एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा आकडा (अवरक्त आणि लाल बँडांची वजाबाकी भागिले बेरीज), सगळीकडे घसरलेला. दुष्काळ, बांधकामं, बायपास अशी कारणं जुळवून दोन पानं लिहूनही टाकली. मग सहज जांबोटीकडचं जंगल तपासलं, तर तेही तेवढंच 'वाळलेलं'. सदाहरित जंगल दोन वर्षांत असं वाळत नसतं, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल झाला आणि प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले येऊ लागले. वापरण्याआधी ते वजा करायचे असतात. हिशेब बघा : उसाच्या एका पिक्सेलला लाल बँडात ५०० आणि जवळच्या अवरक्त बँडात ३५००. वजाबाकी ३०००, बेरीज ४०००, एनडीव्हीआय ०.७५. आता दोन्हींत हजार मिळवा, १५०० आणि ४५००. वजाबाकी तीच ३०००, बेरीज मात्र ६०००, आणि उत्तर ०.५०. ऊस जागेवरच होता, वाळलं होतं ते माझं सूत्र. ही सूचना कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेली आहे, मीच वाचली नव्हती.

अर्थ इंजिनमध्ये या बदलाची दुरुस्ती करून ठेवलेला वेगळा संच मिळतो. तो घेतला असता तर चूक झालीच नसती, पण अशी काही भानगड असते हेही मला कधी कळलं नसतं. दोन्हींतला फरक मला एवढाच वाटतो, की एकीकडे तुम्ही चुकता आणि शिकता, दुसरीकडे पुढं सरकता आणि काय झालं ते बघत नाही.

म्हणून क्रम असा : पहिले दीड-दोन महिने घरी. पूर्ण टाइल नको, आपल्या गावाचं पाच-सहा किलोमीटरचं कातरण पुरे. तेवढं आठ जीबीवरही चालतं. लेव्हल-१सी, म्हणजे वातावरणाचा परिणाम न काढलेली प्रतिमा, घेऊन स्वतः ती दुरुस्ती करा आणि दुरुस्त करून तयार मिळणाऱ्या लेव्हल-२ए शी ताडून बघा. तीन बाय तीनचा फिल्टर एकदा कागदावर हातानं फिरवा. मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे अनेक बँडांतली माहिती मोजक्या थरांत गोळा करणं, एकदा पायथनच्या नमपायमध्ये लिहा. मग अर्थ इंजिनवर जा आणि परत फिरू नका. अनेक वर्षांची तुलना, महिन्यामहिन्याचा मध्यक काढून ढग गाळणं, जिल्हाभराचं वर्गीकरण ही कामं घरी करणं म्हणजे बादलीनं विहीर उपसणं.

पावसाळ्याचं काय?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांचं झाकण असतं, खानापूरच्या पश्चिमेला तर विचारूच नका. खरिपाचा जीव याच चार महिन्यांत आणि ऑप्टिकल, म्हणजे उजेडावर चालणारा, उपग्रह नेमका तेव्हाच आंधळा. ढगांतून बघायचं तर रडार, म्हणजे सेंटिनेल-१. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार उपग्रहही वर गेला, त्याच्यावर एल आणि एस असे रडार लहरींचे दोन बँड आहेत. त्यामुळे आपल्या भागातल्या माणसानं रडार नसलेला 'ॲडव्हान्स्ड' कोर्स घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथं मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही.

रडार शिकायला स्नॅपच बरं. कक्षेची फाइल लावणं, कॅलिब्रेशन, ठिपकेदार गोंधळ गाळणं, डोंगरउताराची दुरुस्ती, सगळं एकेक बटण दाबत समोर दिसतं. अर्थ इंजिनवर यातलं बरंच आधीच उरकलेलं असतं.

आणि इथं बेळगावकराला एक फायदा आहे जो देहराडूनच्या वर्गात मिळत नाही. पुस्तकात भाताची खूण अशी सांगतात : लावणीच्या वेळी वावरात पाणी उभं असतं, सपाट पाण्यावरून रडारची लहर पलीकडे निसटते, म्हणून परतावा कमी येतो. पुढं पीक वाढेल तसा तो चढत जातो. रोप लागवडीला हे बरोबर लागू पडतं. पण आपल्याकडे मे अखेरीस धूळवाफ पेरणी केलेलं भात असतं, तिथं सुरुवातीला पाणीच नसतं. तो खड्डा आलेखात नीट दिसत नाही, आणि पुस्तकी नियम लावला की पिकं ओळखणारं संगणकाचं मॉडेल त्या शेताला भात म्हणतच नाही. शिवारात जाऊन कुणी धूळवाफ केली, कुणी रोप लावलं हे विचारलंत तर ही चूक पकडता येते. दुरून शिकणाऱ्याला वाटतं त्याचा रँडम फॉरेस्ट, म्हणजे वर्गीकरणाचं मॉडेलच, बिघडलाय.

ऑनलाइन कोर्स

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण फुकटातलेच चांगले आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर आयआयटी रुरकीचा रिमोट सेन्सिंगच्या इमेज प्रोसेसिंगवरच कोर्स आहे. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र हवं असेल तर एक हजार रुपये भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. देहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था घरबसल्या विनामूल्य कोर्स घेते, थेट वर्ग असतात, हजेरी धरतात, प्रमाणपत्र देतात. नासाचं आरसेट हे प्रशिक्षणही फुकट असून रडारवर त्यांचे चांगले वर्ग झालेत.

तिन्हींत पाया पक्का करायला एनपीटीईएल, भारतीय उपग्रहांची ओळख हवी तर आयआयआरएस. इंग्रजी ऐकायची सवय आणि मुळात तयारी असेल तरच आरसेट. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन आठवडे जड जातात. व्हिडिओ थांबवत थांबवत बघा, त्यात कमीपणा नाही. चाळीस-पन्नास हजार घेऊन 'शंभर टक्के नोकरी' देणाऱ्या जाहिराती येतात, त्या पुढं ढकला. त्यात या तिघांपलीकडचं मला काही दिसलेलं नाही.

पदवी घ्यावी का?

सरकारी किंवा संशोधन संस्थेत जायचं असेल तर घ्या, कारण तिथं कागद विचारतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात जिओइन्फर्मॅटिक्सचं एमएस्सी आहे. पुण्यातच सिंबायोसिसचंही आहे, पण खासगी म्हटलं की फीचा आकडा आधी घरच्यांसमोर ठेवा. इंजिनिअरिंगवाल्यांना आयआयटी मुंबईचं सीएसआरई हे केंद्र आहे, गेट या प्रवेश परीक्षेतून. २०२२ पासून गेटमध्ये जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपरही आलाय. आयआयआरएसचं एमटेक आंध्र विद्यापीठाशी जोडलेलं आहे आणि त्यात उपग्रह प्रतिमा विश्लेषणाची वेगळी शाखा आहे. गणित चांगलं असेल तर यांतलं माझं पहिलं बोट त्यावर.

नोकरीचा विचार करताना सीमाभागातली एक गोष्ट विसरू नका. बंगळूरच्या राज्य रिमोट सेन्सिंग केंद्राकडे बघत असाल किंवा इथंच पीकविम्याच्या, ऊसमोजणीच्या कामाला जाणार असाल, तर कन्नड वाचता आलंच पाहिजे. शेताचा उतारा कन्नडात असतो, आणि प्रतिमेवरचं वावर कुणाच्या सर्व्हे नंबरात बसतं हे त्याशिवाय कळायचं नाही. ज्यांना ते जमतं आणि मराठीतून शेतकऱ्याशी बोलताही येतं, त्यांची इथं किंमत वेगळी. पीकविम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजाला उपग्रहाची जोड दिलीय, तेव्हा भातवाल्या तालुक्यांत हे काम वाढेल असं मला वाटतं.

उद्यमबागेत नोकरी करून रात्री शिकणाऱ्यानं पदवीच्या मागं लागू नये, एनपीटीईएल आणि अर्थ इंजिन त्याला पुरे. वय बावीस-तेवीस, घरची अडचण नाही आणि गणिताची भीती नाही, त्यानं देहराडून किंवा मुंबई. या दोहोंच्या मधल्यांनी, म्हणजे माझ्या भाच्यासारख्यांनी, एक वर्ष घरी राहून एकच काम पूर्ण करावं आणि मग ते हातात घेऊन प्रवेशाला जावं.

त्याला मी दिलेलं काम : नंदगडच्या शिवारात भात, ऊस आणि पड जमीन ओळखायची, पन्नास शेतं पायी फिरून नोंदवायची. तपासणीची शेतं त्याच शिवारातली घ्यायची नाहीत, दुसऱ्या गावची घ्यायची. नाहीतर एकाच वावरातले काही पिक्सेल मॉडेलला शिकवायला आणि उरलेले त्याच्या परीक्षेला जातात, आणि अचूकता पंच्याण्णव टक्के निघते. पेपर आधीच फुटलेला असतो तसलाच प्रकार. मोबाइलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडं-तिकडं होतो, म्हणून नोंद शेताच्या मधोमध उभं राहून करायची.

काल संध्याकाळी त्याचा फोटो आला. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला भात, आणि खाली लिहिलेलं : "मामा, हा तुकडा साडेतीन गुंठ्यांचा आहे. मध्यभागी उभारलं तरी पिक्सेल शेजारच्या उसात जातोय. याला काय म्हणू?"