बिजागरीवरचा चाळीस फुटी टॉवर: वीस महिने वापरल्यानंतरचा हॅमचा अनुभव

"टॉवर बसवलास म्हणे. कंपनी भाडं किती देते?" गेल्या वीस महिन्यांत हा प्रश्न मला किमान पन्नास जणांनी विचारला असेल. हा मोबाईलचा टॉवर नाही, माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाच्या अँटेनाचा आहे, कंपनी काही देत नाही, उलट माझेच साठ हजारांच्या आसपास गेले, असं सांगितलं की समोरचा दया येऊन विषय बदलतो. शेजारच्या आजींना अजूनही वाटतं की मी खरा आकडा लपवतोय.

तर हा त्या टॉवरचा अनुभव. फेब्रुवारी २०२४ मध्ये उभा केला, आज ऑक्टोबर २०२५. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात, त्या हवेतले दोन पावसाळे त्याने काढलेत. जागा उचगावच्या शिवारातली, आजूबाजूला भाताची खाचरं, वारं पश्चिमेकडून सरळ अंगावर.

आधी उंचीचं सांगतो, कारण नवीन लायसन्स हातात पडलेला प्रत्येकजण "जेवढा उंच तेवढा चांगला" म्हणत साठ फुटांची स्वप्नं बघतो. मला वीस मीटरच्या बँडवर (म्हणजे वीस मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर) लांबचं बोलायचं होतं. अँटेना जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे दहा मीटर किंवा तेहतीस फुटांवर गेली की लहर बऱ्यापैकी तिरकी, क्षितिजाच्या बाजूला निघते. चाळीस फुटांत ते काम होतं. चाळीस मीटरच्या बँडसाठी त्याच टोकावरून इन्व्हर्टेड व्ही (उलट्या V आकाराची तारेची अँटेना) सोडलाय, दोन्ही तारा दहा-दहा मीटरच्या. त्या बँडच्या हिशोबाने ही उंची कमीच, त्यामुळे लहर बरीचशी वर जाऊन खाली येते. पण पुणे, हैदराबाद, गोवा, बेंगळूरशी संध्याकाळी गप्पा मारायला तेच हवं असतं. जुना डायपोल (दोन सारख्या भागांची साधी अँटेना) वीस फुटांवर आंब्याला बांधलेला होता. त्याच्यावर युरोपची स्टेशनं नुसती ऐकू यायची, आता रात्री नऊच्या सुमाराला ती उत्तर देतात. यात टॉवरचं श्रेय किती आणि सूर्याचं किती हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही. सौरडागांचं पंचविसावं चक्र ऐन भरात असताना माझा टॉवर उभा राहिला, त्या काळात वरचे, म्हणजे कमी तरंगलांबीचे बँड कोणालाही पावत होते.

आता मुद्द्याचं. मी चार पैसे जास्त घालून बुडाला बिजागरी करून घेतली, म्हणजे वर न चढता टॉवरच आडवा करून खाली घेता येतो, आणि पूर्ण खर्चातला तोच भाग मला सगळ्यात वसूल झालेला वाटतो. टॉवर दहा-दहा फुटांच्या चार तुकड्यांचा, तिकोनी जाळीचा, वजन सव्वाशे किलोच्या आत-बाहेर. उद्यमबागेत लेथवाल्याकडून बारा मिलिमीटरची बेस प्लेट आणि पंचवीस मिलिमीटरची पिन करून घेतली. बेळगावात हे सुख आहे. कागदावर आकृती काढून नेली की "उद्या या" म्हणतात, आणि परवापर्यंत काम खरंच झालेलं असतं. टॉवरच्या बुडाला काटकोनात पंधरा फुटी पाइप जोडायचा, त्याच्या टोकाची दोरी हातविंचवर घ्यायची आणि हळूहळू सोडत टॉवर आडवा करायचा. आडवा असताना विंचवर अडीचशे किलोच्या आसपास ओढ येते, उभा होत जातो तशी ती कमी होते. म्हणून विंच ब्रेकवालाच घ्या. दात्यावर खटका अडकवायचा स्वस्तातला घेऊ नका, तो हातातून सुटला की हँडल मनगट फोडतं.

साध्या टॉवरला तीन ताण (टॉवरला बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा) पुरतात, एकशेवीस अंशांवर. आडव्या होणाऱ्याला चार लागतात, नव्वद अंशांवर, कारण बाजूचे दोन ताण बिजागरीच्या पिनेच्या सरळ रेषेत असले तरच टॉवर झोपताना ते ना सैल पडतात ना ताठतात. हे मी वाचलं होतं. रेषा दोरी धरून आखलीही होती. पण पश्चिमेचा अँकर (ताणाचं खालचं टोक जमिनीत धरून ठेवणारा) बांधावर पुरला, कारण खाचरात पुरला असता तर नांगराला आडवा आला असता. बांध बिजागरीपेक्षा दीड फूट उंच. दीड फुटाने काय होतंय, असं वाटलं.

टॉवर उभा केला तेव्हा काहीच कळलं नाही, कारण ताण उभं केल्यावरच आवळले होते. कळलं मे महिन्यात, पहिल्यांदा खाली घेताना. मी विंचवर, आणि उद्यमबागेतलाच एक कन्नड वेल्डर मदतीला, तो टॉवरकडे बघत उभा. निम्म्यावर आला असेल नसेल, तेवढ्यात पश्चिमेच्या वरच्या ताणातला चिनी मातीचा इन्सुलेटर करकरला. तो ओरडला, "हिडी! हिडी!", म्हणजे धर, धर! मी ब्रेक लावून वर पाहिलं तर टॉवर मधोमध पश्चिमेकडे वाकलेला, धनुष्य ओढल्यासारखा. पूर्वेचा ताण लोंबत होता.

रात्री कागदावर मांडलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अँकर पिनेपेक्षा उंच असेल तर टॉवर झोपत जातो तसं ताणाच्या वरच्या टोकाचं अँकरपासूनचं अंतर वाढत जातं. माझ्या मापांत, अकरा मीटरवर बांधलेली तार पूर्ण खाली येईपर्यंत सव्वा फूट कमी पडत होती. टर्नबकल (ताण सैल-घट्ट करायचा पेच) सोडून सहा इंच मिळतात, सव्वा फूट कुठून आणणार? टॉवर परत वर घेतला आणि बांधाच्या पायथ्याला, पिनेच्या पातळीत नवा अँकर पुरला. बांध चुलत्यांच्या सामायिकात, त्यामुळे तिथे खड्डा काढायला काँक्रीटपेक्षा चहा जास्त खर्च झाला. पण तेव्हापासून टॉवर दोघांत, चाळीस मिनिटांत खाली येतो. तुमची जागा उताराची असेल तर खड्डे मारायच्या आधी पाण्याची नळी लावून पातळी बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पायाचं फार सांगण्यासारखं नाही. साडेतीन फूट खोल, दोन फुटांवर जांभा लागला, पहारीने फोडला, तीन आठवडे पाणी मारलं. घट्ट आहे.

तक्रार आहे ती टर्नबकलबद्दल. दुकानदाराने "गॅल्व्हनाईज्ड आहेत, शंभर टक्के" म्हणून दिले. चकाचक, निळसर झाक असलेले. ती चकाकीच खरं तर इशारा होती, कारण वितळलेल्या जस्तात बुडवलेला माल मळकट करडा आणि हाताला खरखरीत असतो. हे होते विजेवर जस्ताचा पातळ मुलामा दिलेले. पहिल्या पावसाळ्यात पांढरी भुकटी धरली, दिवाळीपर्यंत लाल गंज, आणि आठांपैकी तीन जाम. एक तर पाना लावल्यावर पिळलाच गेला. सगळे बदलले. आता जाड जस्ताचे आणि दोन्ही टोकांना बंद कडी असलेले वापरतो, हुकाचे नाहीत. मधून बांधणीची तार ओवून आठाच्या आकड्यात बांधून टाकतो. वाऱ्याने तार थरथरत राहते आणि उघडा टर्नबकल आपोआप फिरत सैल होतो, हे मी जूनच्या एका आठवड्यात पाहिलंय.

क्लिपा लावतानाही एक चूक झाली होती. तारेचा फास आवळायच्या यू-क्लिपेचा खोगिरासारखा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर. मी घाईत सहा क्लिपा उलट्या लावल्या होत्या. यू-बोल्ट चालत्या तारेत रुतून तिचे पदर चेपतो. वेल्डरनेच दाखवलं, नाहीतर मला वर्षभर कळलं नसतं.

तार मी सहा मिलिमीटरचा वायर रोप घेतलाय. पुन्हा करायचं झालं तर विजेच्या खांबाला असते तसली सात पदरी तार घेईन. रोप सुरुवातीला फार लांबतो. पहिल्या दोन महिन्यांत मी तीनदा आवळला, मग बसला.

जुलै २०२४ मध्ये एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, एकच्या जवळ तेवढं चांगलं) एका रात्रीत दीडवरून तीनच्या वर गेला. भर पावसाची उघडीप बघून टॉवर खाली घेतला. वरच्या कनेक्टरवर मी साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. सोडवली तर आतून थेंब टपकला, आणि केबलची जाळी हातभर आतपर्यंत काळी पडलेली. केबल कापली, नवा कनेक्टर, त्यावर ओढून चिकटणारी रबरी टेप आणि वरून साधी टेप, शिवाय केबलला खाली झोल दिला म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोलावरून गळतं. सव्वा वर्ष झालं, काटा हलला नाही. बिजागरी नसती तर त्या पावसात ओल्या टॉवरवर कोण चढलं असतं? मी नाही. केबल तशीच ठेवून नोव्हेंबरची वाट बघितली असती.

विजेबद्दल एवढंच. आपल्याकडे खरी भीती पावसाळ्याची नाही, एप्रिल-मेच्या वळवाची आहे. बुडाशी तीन अर्थिंग रॉड एकमेकांना जोडलेत, केबलची जाळीही तिथेच जोडलीय, उन्हाळ्यात लाल माती कोरडी पडते म्हणून रॉडच्या खड्ड्यात पाणी ओततो. आणि चोर्ला घाटाच्या बाजूला काळं दिसलं की केबल काढून खिडकीबाहेर टाकतो. एवढं करूनही थेट पडली तर काही खरं नाही.

बिजागरीची एक मर्यादा सांगायलाच हवी. वर मोठी यागी (एका दिशेला रोखलेली, बऱ्याच आडव्या दांड्यांची अँटेना) बसवायची असेल तर ही रचना गैरसोयीची, कारण टॉवर झोपला की यागीचं एक टोक जमिनीत घुसतं. माझा वीस मीटरचा फिरता डायपोल चालून जातो. खाली घेण्याआधी रोटेटरने तो पिनेच्या समांतर फिरवायचा. एकदा विसरलो, अॅल्युमिनियमचा शेवटचा तुकडा वाकला.

सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी उंचीच्या परवानगीचं आधी बघावं. आम्ही शहराच्या दुसऱ्या अंगाला.

यंदाची दिवाळीआधीची तपासणी लांबलीय. जूनमध्ये रोटेटरच्या खाली कावळ्याने घरटं केलं, पिल्लं उडेपर्यंत टॉवर हलवायचा नाही असा घरातून हुकूम होता. पिल्लं केव्हाच गेली. काल दुर्बिणीतून पाहिलं, घरट्यात काड्यांपेक्षा बांधणीची तारच जास्त आहे, आणि मेपासून मी जे बंडल शोधतोय त्यातलीच ती दिसते.