नूनो फेल्टचा स्कार्फ, आठ महिने गळ्यात घालून

एप्रिलमध्ये इथे मेलबर्नला एका क्राफ्ट मार्केटमधून घेतला, 160 डॉलरला. आईला फोनवर सांगताना एक शून्य गिळलं.

तर हा विणलेला नाहीये, फेल्ट म्हणजे लोकर दाबून एकजीव केलेलं कापड. खाली पातळ सिल्क शिफॉन, त्यावर मेरिनो मेंढीच्या लोकरीचे न कातलेले पुंजके पसरायचे, साबणाचं कोमट पाणी मारायचं आणि गुंडाळी करून लाटत बसायचं, हात भरून येईपर्यंत. लोकरीचे केस शिफॉनमधून आरपार जातात, एकमेकांत गुंततात आणि आटतात, सिल्क बिचारं आटत नाही मग त्याला चुण्या पडतात, आणि सगळी मजा त्या चुण्यांचीच आहे. माझा मोरपंखी आहे, उजेडात धरला की काही ठिकाणी नुसतं सिल्क दिसतं, काही ठिकाणी दाट निळं, पावसाळी ढगासारखं. ही पद्धत 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्याच पॉली स्टर्लिंगबाईंनी रूढ केली, नूनो म्हणजे जपानीत कापड. न विणता लोकर दाबून वस्तू करणं आपल्याला नवीन नाही म्हणा, कोल्हापूरकडचं जेन तसंच असतं, पण ते अंथरायचं आणि जाडजूड, हा वजनाला ओढणीएवढा.

ऊब? जून-जुलैत ट्रामच्या स्टॉपवर वारा कानात शिरतो तेव्हा हा पुरला, आणि टोचत अजिबात नाही. मला साध्या लोकरीने मानेवर पुरळ येतं, ह्याने नाही आलं.

आता तक्रार. दोन महिन्यांत मानेमागे, जिथे केस आणि जॅकेटची कॉलर घासते तिथली लोकर सुटायला लागली, भिंतीच्या रंगाचे पोपडे निघावेत तशी. बनवणाऱ्यांना फोटो पाठवला तर उत्तर आलं की ही कला आहे, जपून वापरा. अहो मग भिंतीवर लावायला विकायची ना! शेवटी मीच तेवढा भाग ओला केला, साबण लावला आणि प्लास्टिकच्या पिशवीवर तळहाताने वीसेक मिनिटं चोळला. धरली लोकर, थोडा चुरगळलेला दिसतो तिथे, पण मानेमागे कोण बघतंय. पुढच्या वेळी दुकानातच चिमटीत धरून हळूच ओढून बघणार, लोकरीचे केस वर आले तर नको.

मंगळसूत्रात आणि वेल्क्रोत अडकतो. धुतलाय तीनदाच, बादलीत गार पाण्यात, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि सपाट वाळवायचा. पहिल्या धुण्यात निळं पाणी सुटलं, नंतर नाही.

आता उन्हाळा लागलाय आणि कसरीची भीती आहे, मागच्या वर्षी एक स्वेटर गेला, त्यामुळे सध्या हा झिपच्या पिशवीत, फ्रीझरमध्ये, मटारशेजारी.