फ्यूज उडाला, लाइट बंद: टेस्ट लॅम्प घ्यावा की मल्टिमीटर?

गाडीचा लाइट बंद पडला की बहुतेकजण आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज, आणि नवा फ्यूजही उडाला की इलेक्ट्रिशियनला फोन. हे टाळायला एखादं हत्यार घरी ठेवावं म्हणून दुकानात गेलात, तर समोर दोन गोष्टी येतात. शंभर-दीडशेचा टेस्ट लॅम्प आणि दोन-तीनशेपासून वर कितीही किमतीचा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट, रोध आकड्यात दाखवणारं यंत्र. दुकानदार बहुधा मीटरच गळ्यात मारतो. आकडा दिसतो म्हटल्यावर आपल्यालाही तो भारी वाटतो. माझं मत विचाराल तर आधी गाडी कोणती आणि बिघाड कसला ते बघा.

टेस्ट लॅम्प म्हणजे टोकदार दांडी, पारदर्शक मुठीत छोटा बल्ब आणि वायरच्या शेवटी चिमटा, बस्स. चिमटा बॅटरीच्या मायनसला लावायचा आणि टोक एकदा प्लसला टेकवून लॅम्प पेटतोय ना ते बघायचं. मग चावी ऑन करून फ्यूजबॉक्स उघडा. चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे असतात, तिथे आळीपाळीने टोक लावा. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज शाबूत. एकीकडेच पेटला तर उडालेला. दोन्हीकडे अंधार असेल तर करंट फ्यूजपर्यंत आलेलाच नाही, तेव्हा दोष मागे, रिलेत (स्विचच्या इशाऱ्यावर करंट जोडणारी डबी) किंवा स्विचमध्ये शोधायचा. (काही फ्यूजना तो लाइट चालू केल्यावरच करंट मिळतो, हे लक्षात असू द्या.) एकही फ्यूज न उपसता अख्खा बॉक्स तपासून होतो. मीटरनेही हेच करता येतं, पण दोन्ही हात पिनांमध्ये अडकलेले आणि नजर सारखी स्क्रीनवर.

लॅम्पची खरी कमाल पुन्हा पुन्हा उडणाऱ्या फ्यूजच्या वेळी दिसते. फ्यूज काढा, त्या लाइनवरचे बल्बही काढा, आणि फ्यूजच्या दोन खाचांमध्ये लॅम्प जोडा. आता तो झगझगीत पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. लॅम्प पेटता ठेवून वायरिंग हलवत जा: डिकीच्या झाकणाजवळ वायर रोज दुमडते ती जागा, टेललॅम्पच्या मागे, उंदरांना आवडणारा बॉनेटखालचा कोपरा. जिथे हलवल्यावर लॅम्प विझतो, तिथेच शॉर्ट. पाच वॅटच्या बल्बमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो, त्यामुळे काही जळत नाही आणि फ्यूजचं पाकीटही संपत नाही.

इथे मीटर नवशिक्याला चक्क फसवतो. फ्यूज काढून मीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणारी सेटिंग) लावून पाहिलं तर बल्ब जागेवर असतानाही तो ‘शॉर्ट’ म्हणून वाजतो, कारण २१ वॅटच्या गार बल्बचा रोध जेमतेम एखादा ओम भरतो. दुसरी फसगत याच्या उलट. वायरचा जोड गंजून जेमतेम टेकलेला असेल तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. लॅम्प मात्र तिथे मंद होऊन चुगली करतो. म्हणूनच पेनासारखे एलईडीवाले टेस्टर मिळतात ते लॅम्पच्या जागी चालत नाहीत. तेही करंट ओढत नाहीत आणि खराब जोडावरही खुशाल पेटतात. जुन्या मोटरसायकलींमध्ये हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) एसीवर चालायचा. तिथे डीसीवर ठेवलेला मीटर जवळपास शून्य दाखवतो. लॅम्पला एसी-डीसी सारखंच.

मग मीटर कशासाठी? लाइट लागतो पण मंद लागतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, अशा तक्रारींसाठी. यात नव्वद टक्के संशय अर्थवर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीवर घ्यावा. लाइट चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन बल्बच्या होल्डरच्या अर्थच्या वायरला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर तेवढे वाटेतच गळतायत. बॉडीवरचा अर्थचा नट काढून पत्रा घासा. अलिबाग, रत्नागिरी, गोवा अशा खाऱ्या हवेत गाडी असेल तर हा एकच उपयोग मीटरचे पैसे वसूल करतो. बॅटरीही तपासता येते: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४.

नव्या गाडीत तर मीटरच हवा. लाइट कंप्युटरवरून चालतात, सेन्सरच्या वायरी पाच व्होल्टच्या असतात आणि लॅम्पने ओढलेला करंट तिथे महागात पडू शकतो. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना दोन्हींपैकी काहीच लावू नका. मीटर वापरताना एक पथ्य पाळा: लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली असताना व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो थेट शॉर्टच होतो. स्वस्त मीटरवर त्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असं चक्क छापलेलं असतं.

थोडक्यात निवड अशी. हॅलोजन बल्बची जुनी कार किंवा जुनी बाइक असेल तर आधी लॅम्प घ्या. ट्रकला २४ व्होल्टचा लागतो, १२ चा लावलात तर बल्ब जाईल. एलईडी लाइटची नवी गाडी असेल तर मीटर, आणि वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला हात न लावता सर्व्हिस सेंटर. दोन्ही घेऊनही खर्च पाचशेच्या आत बसतो. मीटर बीप देणाराच घ्या.

दोष सापडल्यावर फ्यूज त्याच रंगाचा बसवा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिलीत तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळेल. आणि खाचेतलं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर लॅम्प-मीटर दोन्ही पेटीत ठेवा आणि गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.