पद्मिनीची पुट्टी: पाणी पेपर की कोरडी घासाई?

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी रंगाला गेली की गॅरेजमधलं पोरगं बादली आणि पाणी पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) घेऊनच बसतं. धूळ उडत नाही, पेपर चोंदत नाही, सोय खरीच. पण पॉलिस्टर पुट्टी, म्हणजे पत्र्यावरचे खड्डे भरायचा लगदा, पाणी पिते. ती पूर्ण वाळायच्या आत प्रायमर मारला, की ओल आतच अडकते, पत्रा गंजतो आणि रंगाखाली फुगे येतात. मुंबईच्या दमट हवेत तर विचारूच नका.

कोरडं घासायचं तर मास्क हवा, अख्खं अंगण पांढरं होतं. तरी पुट्टीला मी कोरडंच सांगेन: लांब ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर, मग १८०चा, हात तिरपा, दिशा आलटूनपालटून. नुसत्या बोटांनी घासलं तर दारावर लाटा राहतात, चकाकी आली की उन्हात लगेच दिसतात. पाणी पेपर काढायचाच तर टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर वाळल्यावर, ४०० नंबरचा.