रॅम वाढवायची आहे: जुनीच्या शेजारी आणखी एक, की सरळ नवी जोडी?

मशीनमध्ये ८ जीबीची एकच स्टिक आहे, शेजारचा स्लॉट रिकामा आहे. तिथे आणखी ८ टाकली की काम भागेल, असं पहिल्यांदा वाटतं. रॅम डीडीआर४ या जुन्या पिढीची असेल तर बहुधा भागतंही. डीडीआर५ या नव्या पिढीची असेल तर मात्र जुनी काढून १६-१६ची जोडी घेतलेली बरी.

आधी पिढी नक्की करा. दोन्हींच्या स्टिकला २८८ पिना आणि लांबी सारखीच, पण खाच जरा सरकलेली असते आणि व्होल्टेजही वेगळं: डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. खाच जुळत नसताना दाबून बसवायला गेलात तर स्लॉटच तुटेल. एएमडीचं सोपं आहे: एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो त्या खोबणीचा) बोर्ड म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवतात, त्यामुळे तिथे बोर्डाचं मॉडेलच बघावं लागतं. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर पिढी दिसते, एसपीडी टॅबवर प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा पार्ट नंबर. तिथे वेग १६०० दिसला म्हणून दचकू नका. तो आकडा निम्मा असतो, रॅम ३२००चीच आहे.

डीडीआर४मध्ये २६६६च्या शेजारी ३२०० बसवली तर दोन्ही २६६६ने चालतात, बिघडत काही नाही. उलट एकाच्या दोन स्टिक झाल्याने ड्युअल चॅनल सुरू होतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फायदा डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. ८च्या जोडीला १६ टाकली तरी बहुतेक बोर्डांवर ८-८ ड्युअलमध्ये चालतात आणि वरची ८ सिंगलमध्ये. गाडी अडते ती एक्सएमपी, म्हणजे स्टिकमध्येच साठवलेला जास्त वेगाचा तयार प्रोफाइल, चालू केल्यावर. तो प्रोफाइल त्या एका पॅकेटातल्या स्टिकपुरता तपासलेला असतो. पार्ट नंबर तोच असला तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात. अशा वेळी एक्सएमपी बंद करून वेग हाताने एक-दोन पायऱ्या खाली ठेवायचा.

डीडीआर५ इतकं सांभाळून घेत नाही. चार स्लॉट भरले की वेग चांगलाच घसरतो: रायझन ७००० मालिकेत एएमडीने दोन स्टिकला ५२००, तर चारला फक्त ३६०० अशी मर्यादा दिली आहे. शिवाय ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर सहसा चारच चिप असतात, त्यामुळे ती मुळातच थोडी मंद. म्हणून ८-८च्या दोन असतील तर शेजारी आणखी दोन लावू नका, त्या काढून १६-१६ घ्या.

वेगाच्या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही. सीएल म्हणजे मागितलेला डेटा द्यायला रॅम किती ठोके घेते तो आकडा. त्याला २०००ने गुणून वेगाने भागा, की खरा उशीर कळतो: ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८ दोन्हींचे १० नॅनोसेकंद येतात, ३२०० सीएल२२चे १३.७५. आणि बी४६० बोर्डावर इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर असेल तर रॅम कितीचीही आणा, ती २६६६वरच थांबते.

स्वस्तात मिळणाऱ्या सर्व्हरच्या डीडीआर४ स्टिकपासून जपा. खाच जुळते, स्टिक बसते, पण साध्या डेस्कटॉपवर डिस्प्ले येत नाही. लेबलवर ‘पीसी४-२४००टी’च्या पुढे ‘यू’ असेल तर आपली, ‘आर’ असेल तर सर्व्हरची.

बसवताना मागचा स्विच बंद करून वायर काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच स्टिक असतील तर साधारणपणे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात. बोर्डाच्या पुस्तिकेत खात्री करा. दोन्ही टोकं ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. डिस्प्ले आला नाही तर बहुतेक वेळा एक टोक अर्धवट बसलेलं असतं. डीडीआर५मध्ये पहिल्यांदा काही मिनिटं काळा पडदा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात पॉवर बंद करू नका. मग मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी होऊ द्या. एकही एरर आली तर स्टिक एकेकट्या तपासा. जुनी विकायची ती ही फेरी स्वच्छ पार पडल्यावरच.