विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे उघडेल असं डिस्कचं कुलूप

वडिलांकडे विंडोजचा लॅपटॉप, ऑफिसचा मॅक, माझ्या टेबलावर लिनक्स. या तिघांत फिरणाऱ्या एका पोर्टेबल डिस्कवर सातबारे, खरेदीखतं, आयकराची विवरणपत्रं आणि आईचे तपासणीचे रिपोर्ट आहेत. ती रिक्षात विसरली तर कुणाच्याही हाती पडेल, म्हणून एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असं कुलूप, हवंच. पर्याय तपासताना एक प्रश्न सगळ्यात उपयोगी पडला: डिस्क उघडायला सगळ्यात अवघड असं आपल्याकडचं यंत्र कोणतं? निवड त्या यंत्रापासून सुरू करा.

प्रत्येक सिस्टीमचं स्वतःचं कुलूप त्याच यंत्राच्या आतल्या डिस्कसाठी उत्तम आहे आणि ते चालू ठेवावंच. प्रश्न फिरत्या डिस्कचा आहे. विंडोजचं स्वतःचं कुलूप म्हणजे बिटलॉकर. आधीच बिटलॉकर लावलेली डिस्क विंडोजच्या होम आवृत्तीवरही उघडते, पण नव्या डिस्कला ते लावायला प्रो आवृत्ती लागते. लिनक्सवर क्रिप्टसेटअप या एन्क्रिप्शनच्या साधनाच्या २.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, बिटलॉकरची डिस्क उघडते. मॅक मात्र ती आपणहून उघडत नाही, त्यासाठी बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. घरात फक्त विंडोज आणि लिनक्स असेल, तर बिटलॉकर पुरेसं आहे. मॅकवर एन्क्रिप्ट केलेली एपीएफएस (ॲपलची फाइल साठवण्याची पद्धत) डिस्क विंडोज मुळात ओळखतच नाही.

लिनक्सचं स्वतःचं कुलूप, लक्स, मला मनापासून आवडतं. लक्स-२ मध्ये एका डिस्कला ३२ पर्यंत किल्ल्या देता येतात, म्हणजे घरातल्या प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. पासवर्डपासून किल्ली बनवणाऱ्या आर्गॉन-२ या पद्धतीमुळे पासवर्ड अंदाजानं शोधणाऱ्याला प्रत्येक प्रयत्नाला भरपूर मेमरी खर्च करावी लागते. पण विंडोजवर ते उघडायचं तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वगैरे खटाटोप आला, आणि तो मी वडिलांना सांगू शकत नाही.

तिन्हीकडे चालणारे उरतात दोन प्रोग्रॅम: व्हेराक्रिप्ट आणि क्रिप्टोमेटर.

व्हेराक्रिप्ट २०१३ मध्ये ट्रूक्रिप्ट या जुन्या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमच्या कोडवरून सुरू झालं. २०१४ मध्ये ट्रूक्रिप्टच्या निर्मात्यांनी काम थांबवलं आणि बरेच जण इकडे आले. ते फुकट आहे, कोड खुला आहे आणि २०१६ मध्ये क्वार्क्सलॅब या सुरक्षा कंपनीनं त्याची सुरक्षा तपासणी केली होती. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तीच फाइल त्याच पासवर्डनं उघडते. अडचणीही ठाऊक असू द्या. विंडोजवर ते बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात आणि इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालवलं तरी ते लागतातच, त्यामुळे सायबर कॅफेत किंवा कडक नियमांच्या ऑफिसात भरवसा नको. मॅकवर मॅकफ्यूज किंवा फ्यूज-टी हे जोड-सॉफ्टवेअर बसवावं लागतं. ॲपलच्या चिपच्या मॅकवर मॅकफ्यूजचं कर्नल एक्स्टेंशन (सिस्टीमच्या गाभ्यात बसणारा भाग) चालवायला रिकव्हरीत जाऊन सुरक्षेची पातळी उतरवावी लागते, म्हणून मी फ्यूज-टी घेईन. फोनसाठी अधिकृत ॲप नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचं हे: अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करू नका, डिस्कवर कंटेनर फाइल बनवा, म्हणजे पासवर्डनं उघडणारी एक मोठी फाइल, जिच्या आत बाकीच्या फाइल्स राहतात. पूर्ण एन्क्रिप्ट केलेली डिस्क विंडोजला लावली की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी सूचना येते. घरातल्या कुणी ती प्रामाणिकपणे मानली, तर सगळं जाऊ शकतं. कंटेनर असेल तर डिस्क नेहमीसारखी दिसते आणि आत एक मोठी फाइल असते. डिस्क आणि कंटेनर दोन्ही एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये ठेवा. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटवर मॅक फक्त वाचतो, लिहीत नाही. जुन्या फॅट-३२ फॉरमॅटमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटला लिनक्स कर्नलमध्येही ५.७ पासून चांगला ड्रायव्हर आहे. मात्र एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण सावरणारी नोंद, नसतं, म्हणून आधी कंटेनर बंद करा, मग डिस्क इजेक्ट करा आणि त्यानंतरच केबल काढा.

क्रिप्टोमेटर डिस्कला नाही, एकेका फाइलला कुलूप लावतं. ते अँड्रॉइड आणि आयफोनवरही चालतं, आणि क्लाउडसाठी ते नक्कीच सरस. एक पान बदललं तर तेवढीच फाइल अपलोड होते. व्हेराक्रिप्टचा कंटेनर क्लाउडवर ठेवला तर मोठी अडचण होते: मूळ सेटिंगमध्ये ते कंटेनरची ‘बदलल्याची वेळ’ जशीच्या तशी ठेवतं, त्यामुळे सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला बदल कळतच नाही. क्रिप्टोमेटरमध्ये फाइल्सची नावं झाकली जातात, पण किती फाइल्स आहेत, अंदाजे केवढ्या आहेत आणि कधी बदलल्या हे बाहेरून दिसतं. माझ्या कागदपत्रांसाठी ते चालण्यासारखं आहे. तुमच्यासाठी चालेल का, ते तुम्ही ठरवा.

पासवर्ड देवनागरीत ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ एका कीबोर्डवर एका प्रकारे साठतो, तर दुसऱ्यावर वेगळ्या. डोळ्यांना अक्षर तेच दिसतं, बाइट वेगळे असतात आणि कुलूप उघडत नाही. रोमन लिपीत चार-पाच असंबद्ध शब्द घ्या, एकूण वीस अक्षरांच्या पुढे.

माझा निर्णय: फिरत्या डिस्कवर एक्सफॅटमधला व्हेराक्रिप्ट कंटेनर, आणि फोनवर लागणाऱ्या मोजक्या कागदांसाठी क्लाउडवर क्रिप्टोमेटर. कंटेनर तयार झाल्याबरोबर व्हेराक्रिप्टच्या टूल्समधून हेडरचा (कंटेनरच्या सुरुवातीचा, किल्ली साठवणारा भाग) बॅकअप घेऊन तो दुसऱ्या जागी ठेवायचा, कारण हेडर बिघडला तर बरोबर पासवर्डही कामाचा नाही. पासवर्ड कागदावर लिहून तो कागद बँकेच्या लॉकरमध्ये, खरेदीखतांच्या मूळ प्रतींशेजारी.